मिलवाल्या बाबांच्या नावाचे दार नको, त्यांची खोली उघडा

प्रति,
अध्यक्ष, सचिव व सर्व पदाधिकारी,
बुद्ध विहार समिती, आपली वस्ती, उत्तर नागपूर

सप्रेम जयभीम.

विहाराच्या फळ्यावर आपण दोन ठराव लावले आहेत. पहिला असा की, माडीवरची खोली, म्हणजे आपली अभ्यासिका, साक्षगंध (साखरपुडा), वाढदिवस, नामकरण अशा कार्यक्रमांना भाड्याने देण्याचे कंत्राट एका डेकोरेशनवाल्याला दिले. दुसरा असा की, माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे वस्तीच्या मिलवाल्या बाबांच्या स्मरणार्थ विहारासमोर प्रवेशद्वार बांधायचे आणि त्यावर ग्रॅनाइटची पाटी बसवायची. दाराचा खर्च खोलीच्या भाड्यातून निघेल, असे दुसऱ्या ठरावाच्या अगदी शेवटी लिहिले आहे. तेवढी एक ओळ नसती तर कदाचित मी गप्प बसले असते.

आमच्या ह्यांचे म्हणणे होते की समितीतले सगळे ओळखीचे आहेत, घरी बोलावून चहा पाजावा, बोलून मिटेल. चहा पाजून झाला. प्रत्येकाने "वहिनी, तुमचं बरोबर आहे" म्हटले आणि दुसऱ्या दिवशी खोलीला डेकोरेशनवाल्याचे कुलूप लागले. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, पण सगळ्या वस्तीने वाचावे अशा बेताने.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, गेल्या हिवाळ्यात गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी माईकवर बरेच जण बोलले. थोर उपासक, धम्माचे सच्चे पाईक, वस्तीचे भूषण. शब्द चांगले होते, पण त्यांत माणूस सापडत नव्हता. ज्या पोरांनी त्यांना फक्त म्हातारपणी पाहिले त्यांना तरी ते कोण होते हे कळावे, आणि तुम्ही ज्यांच्या नावाचे दार बांधता आहात त्यांनी ते बांधू दिले असते का, हेही.

1956 च्या अशोक विजयादशमीला, 14 ऑक्टोबरला, ते बारा वर्षांचे होते. पांढरे लुगडे घ्यायला त्यांच्या आईने पायातले चांदीचे वाळे विकले. तेव्हा हे घरोघर झाले होते, त्यामुळे आमच्या घरात कुणी त्याचा गाजावाजा केला नाही. बाबासाहेबांनी भदंत चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिशरण-पंचशील घेतले आणि मग समोरच्या लाखो लोकांना स्वतः धम्मदीक्षा देऊन बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या, हे आपण दरवर्षी भाषणात सांगतो. मामाजींच्या सांगण्यात मात्र ऊन, धूळ आणि तहान असायची. त्यांचे वडील मैदानाच्या कडेला लोकांना पाणी पाजायला उभे होते आणि हा मुलगा बालटी भरून आणत होता. माझ्या मुलीने एकदा विचारले, "आबाजी, तुम्हाला बाबासाहेब दिसले होते का?" ते म्हणाले, "दिसले कुठं? आयकले. मी बालटी घेऊन मांगं होतो."

त्यानंतर अंगात त्राण होते तोवर प्रत्येक दसऱ्याला ते पाणी घेऊन उभे राहिले. विदर्भ-मराठवाड्यातून, तेलंगणातून, उत्तर प्रदेशातून आलेली माणसे नागपूर स्टेशनवरून किंवा अजनीवरून चालत दीक्षाभूमीकडे निघतात. कडेवर पोर, डोक्यावर बोचके, बोचक्यात दोन दिवसांच्या भाकरी. परत जाताना त्याच बोचक्यात पुस्तके असतात. मामाजींना या गोष्टीचे फार अप्रूप होते. दुसऱ्या कोणत्या यात्रेतून माणूस पुस्तके घेऊन घरी जातो, असे ते येईल त्या पाहुण्याला विचारत.

नोकरी एम्प्रेस मिलमध्ये. जमशेदजी टाटांनी 1877 साली सुरू केलेली ही मिल. तिच्या भोंग्यावर अर्धे नागपूर उठायचे. मामाजी बदली कामगार म्हणून लागले, मग कताई खात्यात कायम झाले. तीन पाळ्यांच्या फेऱ्यात आयुष्य गेले आणि छातीत कापसाचा खोकला राहून गेला. 2002 साली मिलला कायमचे कुलूप लागले. तेव्हा आपल्या वस्तीत काय झाले ते तुमच्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. कुणी ऑटो घेतला, कुणी पानठेला टाकला, कुणी दारूच्या दुकानाकडे वळला तो परत आला नाही. मामाजींनी त्या वेळच्या समितीकडे माडीवरची खोली मागितली. तिथे मंडपाचे बांबू आणि फाटक्या कनाती पडलेल्या होत्या. त्यांनी त्या उचलून जिन्याखाली ठेवल्या, भिंतींना स्वतः चुना मारला आणि भंगारातून बाक आणले.

पुस्तके काही देणगीतून आली, काही सीताबर्डीच्या फूटपाथवरून, बाकीची दसऱ्याला दीक्षाभूमीच्या स्टॉलवरून. दोन मराठी पेपर, एक हिंदी. पुढे पोलीस भरती, तलाठी, रेल्वे, एमपीएससीची पुस्तके आली, कारण पोरे तीच मागू लागली. मामाजींना त्या गाइडांचा मनापासून राग होता. "यात ज्ञान काय आहे? नुसते ठोकताळे," म्हणायचे. पण आणायचे.

शिस्त जबर होती. चपला दाराबाहेर एका रेषेत. रजिस्टरवर सही केल्याशिवाय पुस्तक हलायचे नाही. उशीर झाला की दंड, आणि तो स्वतःच्या मुलालाही. आमच्या ह्यांनी लग्नाच्या गडबडीत एक पुस्तक ठेवून घेतले होते, त्याचा दंड मामाजींनी आहेराच्या पाकिटातून कापून रजिस्टरला जमा दाखवला. माझ्या माहेरी हा किस्सा अजून सांगतात, आणि कौतुकाने सांगतात असे मी म्हणणार नाही.

घरात ते सोपे नव्हते. पोरीच्या लग्नात हुंडा नाही, वाजंत्री नाही, मोजून जेवण. अर्धे नातेवाईक रुसले. पण आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, लकवा मारला तेव्हा त्यांचे सगळे, अगदी सगळे, मामाजींनी हाताने केले. मी सून म्हणून पुढे झाले तर म्हणायचे, "तुही परीक्षा आहे ना? जा, वर जाऊन बस."

ती परीक्षा मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ची होती. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून बारावी होऊन या घरात आले. पोर कडेवर आल्यावर शिक्षण संपले असे मी धरून चालले होते. मामाजींनी दुपारी दोन ते पाच अभ्यासिका फक्त बायकांसाठी ठेवली. पहिले काही महिने तिथे मी एकटीच बसत असे. मग शेजारची आली, मग तिची नणंद. आज मी सरकारी कार्यालयात लिपिक आहे. त्या दुपारच्या वेळेतून अंगणवाडीत, आरोग्य खात्यात, शाळेत लागलेल्या बायका वस्तीत आहेत, आणि त्यांतल्या काही तुमच्याच घरात आहेत. त्यांना विचारा.

आणखी एक काम ते खोलीत बसून करत, त्याची कुठे नोंद नाही. जातीच्या दाखल्याचे आणि पडताळणीचे कागद. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो, हे आपल्याकडच्या पोरांना अर्ज फेटाळला गेल्यावर कळते. मामाजी दहावीतच पोराला गाठायचे. आज्याचे गाव कोणते, शाळा कोणती, जा आणि दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा काढून आण, नाही मिळाला तर तहसीलमध्ये कोतवाल पंजीची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल माग. केंद्र सरकारने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती 1990 साली दिल्या. त्याच्या आधीच्या पोरांचे काय हाल झाले ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून कागदाच्या बाबतीत ते कुणावर विश्वास ठेवत नसत, सरकारवर तर नाहीच. प्रत्येकाच्या कागदांची एक झेरॉक्स त्यांच्या कपाटात असे. ते कपाट आज कुठे आहे, हे मला समितीकडून कळलेले नाही.

धम्माबद्दल ते फार बोलत नसत. पहाटे वंदना, पौर्णिमेला पांढरे कपडे, आणि वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन. आठ खंडांचा ग्रंथ तीन महिन्यांत संपवायचा तर पाऊस असो, मॅच असो, रोज बसावेच लागते. वाचायला ते शाळकरी पोरे बसवत. पोर अडखळले की मोठी माणसे चुळबुळ करत, पण मामाजी कुणाला टोकू देत नसत. "वाचू द्या त्याले. बुद्धाले घाई नाही." आज वस्तीतली जी पोरे माईकसमोर धडाधड बोलतात, त्यांतली बरीच तिथे अडखळलेली आहेत. सचिव साहेब, तुम्हीसुद्धा.

आता तक्रारी. कुणी पैसे खाल्ले असे मी म्हणत नाही, तसे मला वाटतही नाही. पण पुढच्या गोष्टी घडल्या आहेत.

पहिली आणि सगळ्यात मोठी: तुम्ही कुणाला विचारले नाही. 2024 च्या जुलैत दीक्षाभूमीवरच्या भूमिगत पार्किंगच्या कामाविरुद्ध लोक रस्त्यावर आले, स्तूपाला धोका होईल म्हणून काम थांबवायला लावले आणि सरकारला ते थांबवावे लागले. आपल्या वस्तीतूनही गाड्या भरून माणसे गेली होती, आणि पुढे तुम्हीच होता. तेव्हा चौकातल्या सभेत तुम्ही काय म्हणालात ते मी स्वतः ऐकले आहे: जागा लोकांची, निर्णय लोकांना विचारून घ्या. विहाराची ही माडी वस्तीने वर्गणी काढून, मिलमधून सुटल्यावर रात्री विटा वाहून बांधली. तिच्यासाठी आमसभा का बोलावली नाही? चार जणांनी बसून ठराव केला, पाचव्याने सही केली, आणि फळ्यावर कागद लागला तेव्हा कंत्राट देऊन झाले होते.

दुसरी, पुस्तके. ती गोण्यांत भरून जिन्याखाली टाकली आहेत, मामाजींनी ज्या कनाती तिथे ठेवल्या होत्या त्यांच्याच शेजारी. मृगाच्या पहिल्या पावसात पायऱ्यांवरून पाणी आले आणि खालच्या दोन गोण्या भिजल्या. मी फोटो काढून समितीच्या ग्रुपवर टाकला. त्यावर दोन अंगठे आले.

तिसरी, पोरे. अभ्यासिकेत रोज बसणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी झेपते ती महिन्याची फी भरून खासगी अभ्यासिकेत जातात. ज्यांना झेपत नाही त्यांनी बसणे सोडले. एका खोलीत पाच माणसे, टीव्ही चालू, बाजूला चूल, अशा घरात पोरगी भरतीचा अभ्यास कशी करेल हे तुम्हाला सांगायला हवे का? बायकांच्या दोन ते पाचचे तर कुणी नावही काढले नाही. जणू ती वेळ कधी नव्हतीच.

चौथी, दसरा. मामाजी अंथरुणाला खिळले त्या वर्षी आपला पाण्याचा आणि खिचडीचा स्टॉल लागला नाही. त्या जागी स्वागत कमान आणि डीजे होता. कमानीवर नेत्यांचे फोटो होते. थकून आलेली म्हातारी माणसे त्या आवाजाखालून कानांवर हात ठेवून चालली होती. मामाजींनी घरी विचारले, "पाणी किती ड्रम गेलं?" मला उत्तर देता आले नाही.

पाचवी, हिशोब. मामाजी खोलीचा जमाखर्च रोज लिहीत आणि दर पौर्णिमेला फळ्यावर लावत, खडूच्या डब्यापासून दंडाच्या पाच रुपयांपर्यंत. ते अंथरुणाला लागल्यापासून फळ्यावर हिशोब दिसलेला नाही. आपली समिती नोंदणीकृत सार्वजनिक विश्वस्त संस्था आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 प्रमाणे हिशोब ठेवणे आणि तपासून घेणे ही विश्वस्तांची जबाबदारी आहे. हे मी धमकी म्हणून लिहीत नाही. मामाजी कायद्याची आठवण याच सुरात करून देत असत.

आणि फ्लेक्स. पुण्यानुमोदनाला चौकात जो लावला त्यात मामाजींचा फोटो कोपऱ्यात आणि पदाधिकाऱ्यांचे चेहरे मध्ये होते. "भावपूर्ण आदरांजली" खाली कॅटरिंगचा मोबाइल नंबर होता. घरातल्यांना विचारले असते तर आम्ही नको म्हटले असते. वारताना त्यांनी एवढेच सांगून ठेवले होते की डोळे द्या आणि बोर्ड लावू नका. डोळे दिले. बोर्ड तुम्ही लावलात.

तुमची बाजूही मला माहीत आहे. विजेचे बिल थकले होते, गच्ची गळते, वॉटरप्रूफिंगला पैसे हवेत, वर्गणी पहिल्यासारखी येत नाही. हे खरे आहे. मामाजीही बिलावरून दर महिन्याला कुरकुर करायचे. पण उपाय आहेत. खालचे सभागृह वंदनेची आणि वाचनाची वेळ सोडून साक्षगंधाला द्या. गरिबाच्या घरचे कार्य कमी पैशांत होईल आणि विहारालाही उत्पन्न मिळेल, त्याला वस्तीत कुणाचीच हरकत नसावी. डीजे नको एवढीच अट ठेवा. अभ्यासिकेचे वीजबिल आमचे घर भरेल, हे मी इथे लिहून देते. दोन निवृत्त शिक्षक पाळीने बसायला तयार आहेत, अभ्यासाला येणारी पोरे झाडलोट करतील. आणि दारासाठी जो निधी काढणार होतात त्यातून आधी गच्चीची गळती बंद करा.

आमच्या मागण्या अशा आहेत.

आषाढ पौर्णिमेपूर्वी वस्तीतल्या सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांची आमसभा बोलवावी. तारीख, वेळ आणि विषय आठ दिवस आधी फळ्यावर लावावेत, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून चालणार नाही, कारण अनेक म्हाताऱ्यांकडे तसला फोन नाही. दोन्ही ठराव तिथे पुन्हा मतास टाकावेत, आणि तोवर कंत्राट थांबवावे. डेकोरेशनवाल्याचा आगाऊ पैसा परत करावा लागला तर तो किती, हेही त्याच सभेत सांगावे.

माडीवरची खोली पहिल्यासारखी सकाळी सहा ते रात्री दहा उघडी राहावी आणि दुपारी दोन ते पाच बायकांसाठी. पुस्तके गोण्यांतून काढून रजिस्टरशी ताडून घ्यावीत. जी भिजली, जी हरवली, त्यांची यादी लावावी. लोकांच्या कागदांचे कपाट जसेच्या तसे परत जागेवर आणावे. त्यात वस्तीतल्या पोरांच्या आज्या-पणज्यांचे पुरावे आहेत आणि काहींची मूळ नोंद आता गावीही मिळणार नाही.

मामाजी आजारी पडल्यापासूनचा हिशोब आमसभेत वाचून दाखवावा.

येत्या दसऱ्याला पाण्याचा आणि खिचडीचा स्टॉल लागावा. त्यावर समितीचे नाव लिहा, हवे तर अगदी मोठ्या अक्षरांत लिहा. मामाजींचे लिहू नका.

समितीत किमान दोन बायका घ्याव्यात. हे मागणे मामाजींचे नाही, माझे आहे. त्यांच्या काळातही समितीत एकही बाई नव्हती, आणि बायकांची वेळ ठेवणाऱ्या माणसाला ते कधी खटकले कसे नाही, याचे मला आजही नवल वाटते.

आणि प्रवेशद्वार रद्द करावे. घरातल्या सगळ्यांची, म्हणजे आमचे हे, नणंदबाई आणि नातवंडे यांची, याला लेखी हरकत आहे. ग्रॅनाइटची पाटी कोरायला दिली असेल तर ते काम थांबवा. कोरून झाली असेल तर तिचे पैसे आम्ही देऊ, पण ती लावू नका. बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले ते पुस्तके ठेवायला, हे मामाजी प्रत्येक नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगत. अशा माणसाची खोली भाड्याला देऊन त्या भाड्यातून त्याच्याच नावाची कमान उभी करायची, हे आमच्या घराला मान्य नाही.

उत्तर लेखी द्यावे आणि फळ्यावर लावावे. चहाला कधीही या, पण उत्तर फळ्यावरच हवे.

आपली,
मिलवाल्या बाबांची सून

जयभीम.